फलनिष्पत्तीचा रकाना कोरा राहू द्या : महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुले पत्र

आदरणीय प्राचार्य सर, आदरणीय प्राचार्य मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी एक प्रोजेक्टर, दोन स्पीकर आणि घडीचा पडदा घेऊन आपल्या कॉलेजांच्या दारात येतो आहे. पेशाने मी माध्यमिक शाळेत शिक्षक. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांमध्ये सांगली, सातारा, सोलापूर या भागातली कॉलेजं, सार्वजनिक वाचनालयं आणि समाजमंदिरं फिरून माहितीपट दाखवतो. मानधन घेत नाही. आपल्यापैकी काही जणांनी मला हॉल दिला, जेवू घातलं, शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसून पाहिलं. काही जणांनी दारातूनच परत पाठवलं. हे पत्र दोघांनाही आहे.

लिहायचं कारण मागच्या महिन्यात घडलं. एका कॉलेजात (नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका कॉलेजापुरती नाही) 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट दाखवायचं ठरलं होतं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी पोस्टर हाताने रंगवलं होतं. आदल्या रात्री साडेनऊला फोन आला, "सर, जरा पुढे ढकलू या." तारीख विचारली तर तारीख नव्हती. तरी मी दुसऱ्या दिवशी गेलो, मुलांना तोंड दाखवायला. नोटीस बोर्डावर त्यांच्या पोस्टरच्या वरच दुसरा कागद टाचणीने लावला होता : 'तांत्रिक कारणास्तव कार्यक्रम रद्द'. त्या कागदाच्या खालून निळ्या रंगाची एक कड तेवढी दिसत होती.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा दिला. माणूस भला होता आणि जे बोलला ते मनापासून बोलला. म्हणाला, "सर, तुम्ही दाखवता ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्याने होतं काय? मुलं तीन तास अस्वस्थ होतात. बाहेर कुणीतरी कुरबुर करतं. आणि संध्याकाळी मला अहवाल पाठवायचा असतो. त्यात जिओटॅग केलेला फोटो, उपस्थिती आणि फलनिष्पत्ती, म्हणजे कार्यक्रमातून काय साधलं ते. सांगा, त्या रकान्यात काय लिहू?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. एसटीत बसल्यावर सुचत गेलं, ते इथे लिहितो आहे.

सर, हा प्रश्न तुमच्या आधी एका बाईने विचारला होता, आणि तिला तो विचारायचा तुमच्यापेक्षा जास्त अधिकार होता. आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' हा माहितीपट १९८५ सालचा. मुंबईच्या फुटपाथवर आणि झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या, महापालिकेच्या गाड्या येऊन ज्यांची घरं मोडत होत्या त्या माणसांचा. त्यात एक बाई मोडलेल्या संसारापाशी उभी आहे. समोर कॅमेरा दिसतो आणि तिचा संताप त्या कॅमेऱ्यावरच उसळतो. तिचं म्हणणं असं की तुम्ही गरिबांचे फोटो काढता, त्यावर नाव कमावता, आमच्यासाठी काय करणार आहात? संकलनाच्या टेबलावर हा प्रसंग कापून टाकणं सोपं होतं. दिग्दर्शकाने तो ठेवला. मी हा माहितीपट निदान चाळीस वेळा दाखवला असेन. दर वेळी तिथे सभागृह गप्प होतं, कारण ती बाई फक्त दिग्दर्शकाला बोलत नाही, खुर्चीत बसून बघणाऱ्यालाही बोलते.

मग त्या माहितीपटाने झालं काय? एक गोष्ट लगेच झाली, ती आधी सांगतो. १९८६ साली, 'हमारा शहर'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याच सुमारास, कफ परेडजवळची संजय गांधी नगर ही वस्ती उठवली गेली. पटवर्धन त्या वस्तीतल्या लोकांबरोबर उपोषणाला बसले. शबाना आझमीही बसल्या. शेवटी सरकारला त्या लोकांसाठी गोरेगावात पर्यायी जागा द्यावी लागली. श्रेय त्या रहिवाशांच्या लढ्याचं आहे, एकट्या माहितीपटाचं नाही. पण कॅमेरा घेऊन आलेला माणूस कॅमेरा बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसला, यात त्या बाईच्या प्रश्नाचा वाटा होता असं मी मानतो.

दुसरी गोष्ट व्हायला सव्वीस वर्षं लागली, आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे.

'हमारा शहर'मध्ये विलास घोगरे गातात. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा हा शाहीर आव्हान नाट्य मंचाबरोबर गायचा. त्यांचा आवाज एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी लोक उठले तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला. लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं मेली. घोगरे त्या वस्तीत गेले, जे पाहिलं ते पाहून घरी आले आणि चार दिवसांनी त्यांनी गळफास घेतला. डोक्याला निळी पट्टी बांधून. ज्या डाव्या चळवळीसाठी ते वर्षानुवर्षं गायले, तिने त्यांना आधीच दूर केलं होतं.

आपल्या माहितीपटात गायलेला माणूस असा का गेला, या प्रश्नापासून पटवर्धनांनी पुन्हा चित्रीकरण सुरू केलं. ते चौदा वर्षं चाललं. २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. तीन तासांहून मोठा. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या, हा पोलिसांचा दावा तो तपासून बघतो. दलित कुटुंबाचं हत्याकांड झालं त्या खैरलांजीत जातो. जातीचा प्रश्न बाजूला ठेवणाऱ्या डाव्यांनाही सोडत नाही. ज्या उपनिरीक्षकाच्या हुकमावरून गोळीबार झाला त्याला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि पुढे उच्च न्यायालयातून तो जामिनावर सुटला. हे सगळं घडत असताना कॅमेरा त्याच वस्तीत परत परत जात होता. मुंबईत सुरुवातीलाच तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत उघड्यावर दाखवला गेला, ज्यांची ही गोष्ट त्यांच्यासमोर.

आता मला सांगा, १९८५ साली 'हमारा शहर'चा पहिला खेळ झाला त्या संध्याकाळी फलनिष्पत्तीच्या रकान्यात कुणी काय लिहिलं असतं? 'झोपडपट्टीच्या प्रश्नाची जाणीव निर्माण झाली', एवढंच. एका शाहिराचा आवाज त्यात जपला गेला आहे आणि तो गेल्यावर त्याच आवाजाच्या मागे जाऊन आणखी एक माहितीपट उभा राहील, हे त्या रकान्यात मावलं नसतं. कुणाला ठाऊकही नव्हतं.

माझ्या अनुभवातलं एक सांगतो. याला पुरावा म्हणून काही दाखवता येणार नाही, पण मी ते स्वतः ऐकलं आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी एका कॉलेजात 'हमारा शहर' दाखवला होता. साठेक मुलं असतील. चर्चेत तिघं बोलली. मागच्या बाकावरचा एक मुलगा पूर्ण वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून होता, निदान मला तसं वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. नाव सांगितल्यावरही मला आठवेना. तो आता एका नगरपालिकेत अतिक्रमण विभागात कनिष्ठ अभियंता आहे. म्हणाला, "सर, आज पहिल्यांदा कारवाईला गेलो होतो. नाल्याकडेची अकरा घरं होती. जेसीबी उभा होता. एक बाई चुलीवरचं पातेलं उतरवत होती आणि मला एकदम तुमच्या त्या सिनेमातली बाई दिसली." मी विचारलं, मग? म्हणाला, "मग काही नाही सर. कारवाई झालीच. माझ्या हातात तेवढं नव्हतं. पण जेसीबीवाल्याला मी दीड तास थांबवलं. भांडी, पत्रे, पोरांची दप्तरं, गॅसची टाकी, सगळं आधी बाहेर काढू दिलं. रेशन कार्डं कुणाकडे आहेत ते विचारून लिहून घेतलं. साहेब ओरडले."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो सिनेमा परत कुठे बघायला मिळेल?"

प्राचार्य सर, हे कुठल्या अहवालात बसवाल? मुलगा तुमच्या कॉलेजचा होता. कार्यक्रम तुमच्या हॉलमध्ये झाला होता. आणि निकाल लागला तो सहा वर्षांनी, नाल्याच्या कडेला, दीड तासाचा. अकरा घरं वाचली नाहीत. पण अकरा घरांची भांडी चिखलात गेली नाहीत आणि कार्डं हरवली नाहीत. पुढे पुनर्वसनाच्या यादीत नाव घालायचं तर ते कार्डच लागतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

असंही नाही की माहितीपटाने कधी झटकन काही बदलतच नाही. अमेरिकेत एरॉल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन' या १९८८ सालच्या माहितीपटाने पोलिसाच्या खुनाच्या खटल्यातल्या साक्षीच उलगडून दाखवल्या आणि ज्याने तो खून केलाच नव्हता तो रँडल अ‍ॅडम्स १९८९ साली तुरुंगातून सुटला. पण असे माहितीपट बोटांवर मोजावेत इतके. बाकीचे सगळे हळूहळू, आडवाटेने काम करतात आणि पुष्कळदा बघणाऱ्यालाही कळत नाही की आपल्यात काय उतरलं आहे.

आपल्याकडचंच बघा. रंगकर्मी अतुल पेठे यांनी पुण्याच्या सफाई कामगारांवर 'कचराकोंडी' हा माहितीपट केला. ज्यांच्याकडे शहर नाकाला रुमाल लावून बघतं त्या माणसांचा दिवस त्यात आहे. पुढे २०१२ साली पेठ्यांनी पुणे महापालिका कामगार युनियनच्या कामगारांना घेऊन गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' रंगमंचावर आणलं. दिवसा रस्ता झाडणारी माणसं रात्री जोतिबा आणि सावित्रीबाईंची गोष्ट सांगत होती आणि गावोगाव लोक तिकीट काढून ती बघत होते. नाटकवाला आधी माहितीपटासाठी त्या माणसांपर्यंत गेला नसता तर हे नाटक कोणत्या माणसांनी उभं केलं असतं, मला सांगता येत नाही.

आता भीतीबद्दल बोलतो. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी 'जय भीम कॉम्रेड'चा खेळ आणि कबीर कला मंच या पुण्यातल्या जातीविरोधी गाणी गाणाऱ्या गटाची गाणी ठेवली होती. खेळानंतर विद्यार्थ्यांना मारहाण झाली. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी या माहितीपटात गाताना दिसतात. नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून पोलीस त्यांच्या मागावर होते. त्यांनी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनाबाहेर स्वतःला पोलिसांच्या हवाली केलं होतं. शीतल त्या वेळी गरोदर होत्या. सचिनला सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये फोन येतो आणि समोरचा माणूस "आम्ही बघून घेऊ" म्हणतो, त्या वेळी पोटात गोळा येणं मी समजू शकतो. तुमच्यावर संस्थाचालक आहेत, विद्यापीठ आहे, मुलांची जबाबदारी आहे. मी तीन तासांनी पडदा गुंडाळून निघून जातो, तुम्ही तिथेच असता.

पण याच भीतीसमोर न्यायालयांनी काय म्हटलं आहे, तेही टेबलावर असू द्या. 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' हा पटवर्धनांचा १९९५ चा माहितीपट दूरदर्शन दाखवायला तयार नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ साली न्यायालयाने तो दाखवा असं सांगितलं. सांगताना म्हटलं की कलाकृती सगळी मिळून बघायची असते, मधलाच एखादा तुकडा उचलून तिचा न्याय करायचा नाही, आणि बघायची ती सर्वसाधारण माणसाच्या नजरेने. त्याच्याही आधी, १९७० साली, ख्वाजा अहमद अब्बास यांचा जेमतेम सोळा मिनिटांचा माहितीपट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. चार महानगरांतली श्रीमंती आणि त्याच शहरांतली गरिबी शेजारी शेजारी दाखवणारा. मुंबईच्या वेश्यावस्तीतली दृश्यं कापा, असं सेन्सॉरचं म्हणणं होतं. अब्बास कापायला तयार नव्हते. सेन्सॉरशिप घटनेत बसते असाच निकाल लागला, अब्बास त्या मुद्द्यावर हरले. पण सेन्सॉरच्या निर्णयावर दाद मागायला सरकारपेक्षा वेगळी जागा हवी ही गोष्ट त्या खटल्यातून पुढे आली, आणि पुढे असा अपील न्यायाधिकरण स्थापन झाला. तो २०२१ साली बंद करण्यात आला. सोळा मिनिटांची फिल्म आणि निम्मं शतक चाललेला परिणाम. घटनेच्या आणि राज्यशास्त्राच्या तासाला तुमचे प्राध्यापक हा खटला शिकवतात. ज्यावर तो झाला त्या प्रकारचा सिनेमा मात्र त्याच कॉलेजच्या हॉलमध्ये चालत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुकडा उचलण्याबद्दल थोडं अजून. आपल्यापैकी काही जण मला सुचवतात, "सर, तीन तास कशाला, वीस मिनिटांचं काही दाखवा ना. महत्त्वाचे भाग." मी असं एकदाच केलं आणि पुन्हा केलं नाही. 'जय भीम कॉम्रेड'मध्ये ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर लोटणाऱ्या गर्दीबद्दल आसपासची सुशिक्षित माणसं काय काय बोलतात ते आहे. घाण होते, वास येतो, फुकट प्रवास करतात, असं. मी तेवढा भाग दाखवला तेव्हा मागच्या रांगा हसल्या. खुशीत हसल्या, कारण पडद्यावरची माणसं त्यांच्याच मनातलं बोलत होती. मी दिवे लावले तेव्हा दुसऱ्या रांगेतली एक मुलगी खाली मान घालून वहीच्या पानाचा कोपरा दुमडत होती, उघडत होती, परत दुमडत होती. त्या मुलीसमोर मी सगळ्या वर्गाला हसायची सोय करून दिली होती. चूक माझी होती.

पूर्ण माहितीपट दाखवतो तेव्हाही त्या जागी हसू येतं. पण त्याच्या आधी रमाबाई नगरातल्या आया येऊन गेलेल्या असतात. कचऱ्याच्या गाडीवर हातमोजे नसताना काम करणारी माणसं येऊन गेलेली असतात. हसू येतं आणि अर्ध्यात विरतं. हसणारा मुलगा शेजाऱ्याकडे बघतो. तो विरण्याचा क्षण तीन तासांशिवाय मिळत नाही, म्हणून मी तीन तास मागतो.

आणि तीन तास बसतात हो मुलं. बसत नाहीत हे आपण मोठ्यांनी ठरवून टाकलं आहे. एका वस्तीच्या समाजमंदिरात हाच माहितीपट दाखवत होतो, रात्री. पाऊण भाग झाला असेल आणि बाहेरून आरोळी आली, "पाणी आलं!" नळाला दोन दिवसांआड पाणी, तेही तासभर. सगळं समाजमंदिर उठलं. मी प्रोजेक्टर थांबवला. बायका हंडे घेऊन पळाल्या, पोरं कॅन घेऊन. पडद्यावर एका शाहिराचा चेहरा तसाच थांबलेला, तोंड उघडं, हात कानाशी. मला वाटलं, आजचा खेळ इथेच संपला. चाळीस मिनिटांनी एकेक करून सगळ्या परत आल्या. ओले पदर, ओल्या चपला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीने मला विचारलं, "का थांबला? लाव की. गाणं अर्धं राहिलंय." मी सुरू केलं तर ते गाणं तिला पाठ होतं. तिने पडद्यावरच्या आवाजाच्या अर्धा सूर वर लावला आणि मग दोन-तीन जणींनी तिला साथ दिली.

त्या रात्री चर्चा ठेवावीच लागली नाही. दीडपर्यंत लोक बोलत होते : आपल्या वस्तीत कोण शाहीर होऊन गेला, त्याची वही कुणाकडे आहे. ती वही पुढे सापडली. पत्र्याच्या पेटीत होती, वाळवीने कडा खाल्लेली. दोन तरुण पोरांनी मोबाइलवर तिच्या पानांचे फोटो काढून ठेवले आहेत. पंचाहत्तर-ऐंशी गाणी भरतील.

विरोध करणारा मुलगाही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. एका कॉलेजात एक जण मध्येच उठला, "हे एकतर्फी आहे" असं मोठ्याने म्हणून निघून गेला, जाताना दार आपटलं. प्राध्यापक मंडळी घाबरली. पुढच्या महिन्यात मी 'नीरोज गेस्ट्स' घेऊन गेलो, पत्रकार पी. साईनाथ आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा दीपा भाटिया यांचा २००९ चा माहितीपट. तो मुलगा सर्वांत आधी येऊन बसला होता. हातात टिपणांची दोन पानं होती, गेल्या वेळच्या माहितीपटातल्या कुठल्या गोष्टी त्याला पटल्या नाहीत त्याची. आम्ही दोघं पाऊण तास भांडलो. त्यातले दोन मुद्दे त्याचे बरोबर होते आणि मी ते सर्वांसमोर मान्य केले. दार आपटून गेलेला मुलगा वहीत टिपणं काढून परत येतो, याहून चांगला विद्यार्थी तुम्हाला कुठला हवा आहे? पहिल्या वेळी कार्यक्रमच झाला नसता तर तो कुणाशी भांडला असता? मोबाइलवर, अंधारात, चेहरा नसलेल्या माणसांशी.

हे माहितीपट आता घरबसल्या मोबाइलवर सापडतात, मग हॉल कशाला, असंही कुणी म्हणेल. एकट्याने पाहिलेला माहितीपट हव्या त्या क्षणी बंद करता येतो. बरोबर आपल्याला टोचतो त्या क्षणी. हॉलमध्ये शेजारी दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या गावाचा मुलगा बसलेला असतो. त्याचा श्वास ऐकू येतो. दुमडलेलं वहीचं पान दिसतं. हे सगळं मिळून तो माहितीपट होतो. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या काळात सिनेमाच्या आधी थिएटरात अनुबोधपट सक्तीने दाखवले जायचे. आमच्या पिढीने ते शेंगदाणे खात पाहिले. त्यातले बरेचसे सरकारी कौतुकाचे होते, पण काही सुखदेव, प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री अशा दिग्दर्शकांचेही होते, विचारात पाडणारे. ती जागा थिएटरातून गेली. आता एकत्र बसून खरं जग बघायची जागा कुठे उरली असेल तर ती तुमच्या कॉलेजमध्ये आहे. चारशे मुलं, एक छप्पर, वीज आणि खुर्च्या तुमच्या हातात आहेत. माझ्या हातात फक्त प्रोजेक्टर आहे.

म्हणून माझं मागणं सांगतो. महिन्यातला एक शनिवार द्या. माहितीपट कोणता हे मुलांबरोबर बसून ठरवा, मला विचारलंच पाहिजे असं नाही. गिरणगावातला 'सांचा' असो, नर्मदाकाठचा 'नर्मदा डायरी' असो, किंवा तुमच्याच गावातल्या कुणी मोबाइलवर केलेला असो. तुम्ही स्वतः आधी तो पूर्ण बघा आणि मग दाखवायचा की नाही ते ठरवा. फोन करणाऱ्या माणसाने तो पाहिला आहे का, हे त्यालाही विचारा. मी विचारलं आहे, आणि आजवर एकानेही पाहिलेला नव्हता. एकदा ठरला की रात्री साडेनऊला रद्द करू नका. दाखवायचा नसेल तर नोटीस बोर्डावर खरं कारण लिहा. मुलांना 'तांत्रिक कारण' म्हणजे काय ते कळतं, आणि ते त्या कागदावरून जे शिकतात ते आपण कुणीच त्यांना शिकवू इच्छित नाही.

आणि फलनिष्पत्तीचा रकाना कोरा सोडता येत नसेल तर त्यात तारीख, माहितीपटाचं नाव आणि किती जण शेवटपर्यंत बसले तेवढंच लिहा. जमल्यास एक वही ठेवा. पाच-सहा वर्षांनी कुणाचा फोन आला तर तो त्यात नोंदवा.

मागच्या महिन्यातल्या त्या कॉलेजच्या प्राचार्यांनी हे वाचलं तर त्यांना सांगायचं आहे, सर, तुमच्या मुलांनी ते पोस्टर फेकलेलं नाही. त्यांनी ते गुंडाळून माझ्याकडे दिलं आहे, माझ्या घरी कपाटावर आहे. तारखेची जागा त्यांनी कात्रीने कापून काढली आहे. तुम्ही तारीख कळवली की त्यावर नवा कागद चिकटवू. खिडक्यांना पडदे नसले तरी चालेल, मी काळं कापड आणतो. भिंतीतला एक सॉकेट चालू असावा आणि खेळानंतर हॉलला लगेच कुलूप लागू नये, एवढंच बघा. आमच्या बाजूची शेवटची गाडी पावणेआठला सुटते. दुपारी दोनला सुरू केलं तर बोलायला दोनेक तास मिळतील.

आपला नम्र,
माहितीपट घेऊन गावोगाव फिरणारा एक शिक्षक